बेपत्त्यांचा रकाना

भास्कर, तुझे कार्डांचे कप्पे माझ्या घरी येऊन आठवडा झाला. तेरावा झाल्यावर शालिनीवहिनींनी निरोप पाठवला, "भाऊजी, हे घेऊन जा. तुमच्याच नावानं ठेवून गेलेत." दापोडीहून टेम्पोत घालून आणले. चिंचवडच्या माझ्या दोन खोल्यांत त्यांना जागा कुठली? शेवटी आमच्या हिनं गव्हाची कोठी व्हरांड्यात काढली आणि म्हणाली, "जन्मभर या माणसाशी भांडलात, आणि आता त्याचं बिऱ्हाडच घरात आणलंत." मी हसलो, आणि कप्पे कोठीच्या जागी रचायला लागलो.

मला तुझी फार आठवण येते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी भांडणार आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि ज्या प्राध्यापकांवरून ते झालं ते परवा पुन्हा येऊन गेले. उत्तर आता मला द्यायचं होतं. तू सुटलास.

सुरुवात कशी झाली ते तू नेहमी वेगळंच सांगायचास. खरं मी सांगतो. बासष्ट साल, दिवाळीच्या आसपासचे दिवस. चीनशी लढाई चाललेली. कॅन्टीनमध्ये रेडिओभोवती ही गर्दी. मशीन शॉपमधला एक आणि स्टोअरमधला एक, आपले किती जवान पडले यावरून इतके हातघाईवर आले, की एकानं उसळीची ताटली भिरकावली. तू तेव्हा कंपनीच्या वाचनालयात नवा होतास. वर गेलास, तीन वर्तमानपत्रं घेऊन खाली आलास आणि तीन आकडे वाचून दाखवलेस. तिन्ही वेगळे, तिन्ही छापील. कुणीतरी ओरडलं, "अहो, पण यातला खरा कुठला?" तू म्हणालास, "ते मला माहीत नाही. कोण काय म्हणतंय तेवढं सांगू शकतो." लोक खो-खो हसले. मीही हसलो. याला कंपनी पगार कशाचा देते, असं माझ्या मनात आलं.

वाद मिटवायला म्हणून तू ग्रंथालयाच्या कोऱ्या कार्डांवर ते तीन आकडे उतरवलेस, आणि वाद वीस वर्षं चालला.

मी इन्स्पेक्शनचा माणूस. तयार भाग गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. चुकीला जागा किती ठेवायची तेही ड्रॉइंगवर छापलेलं असतं. फर्स्ट शिफ्ट सुटली की मी वर तुझ्याकडे चहाला यायचो आणि तुझी कार्डं चाळायचो. मला ती बघवत नसत. एका चकमकीला चार आकडे! मी म्हणायचो, "राव, यातला एक निवड. नाहीतर सरासरी काढ." तू म्हणायचास, "इन्स्पेक्टरसाहेब, चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या तर त्यांची सरासरी कुणीच सांगितलेली नसते." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं, पण दुसऱ्या दिवशी चहाला मी हजर असायचो.

पहिली बेरीज मात्र मीच केली, आणि त्यातून आपली ती जगावेगळी चूक बाहेर आली. लडाखमधली एकच चौकी आपल्या कार्डांवर तीनदा पडली होती. रेडिओनं सांगितलं त्या दिवशी एकदा, पुण्याच्या पेपरात आलं त्या तारखेला एकदा, आणि मुंबईचा पेपर आपल्याकडे उशिरा पोचला त्या तारखेला पुन्हा एकदा. तू आणि मी मिळून चीनशी दोन लढाया जास्तीच्या केल्या होत्या, आणि त्याही हरलो होतो. तू डोक्याला हात लावून बसलास आणि मग आपण दोघं इतके हसलो, की खालून कॅन्टीनवाला काय झालं म्हणून बघायला आला. त्यानंतर तू सगळी कार्डं नव्यानं लिहिलीस. 'झालं कधी' आणि 'छापलं कधी' असे दोन वेगळे रकाने आले. मृत, जखमी, बेपत्ता असे तीन आले. सगळ्यांत शेवटी तुझा लाडका रकाना, 'कोण म्हणतं'. आणि लिहिलेलं खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी नवं लिहायचं, जुनं वाचता आलं पाहिजे, हा तुझा कायदा.

पासष्ट साल आलं, एकाहत्तर आलं. मधल्या काळात व्हिएतनाम होतं, अरबांच्या लढाया होत्या, आफ्रिकेतल्या कितीतरी होत्या, ज्यांची नावं मी तुझ्या कार्डांवरच पहिल्यांदा वाचली. कंपनीत येणारी परदेशी मासिकं इंजिनिअर लोक यंत्रांसाठी चाळायचे आणि तू लढायांसाठी. आमच्या शॉपमध्ये तुला 'युद्धमंत्री' म्हणायचे ते तुला ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडायचंही.

हळूहळू लोक विचारत यायला लागले. पुण्याहून सायकल मारत कॉलेजची पोरं यायची. एक निवृत्त मेजर यायचे, ते तुझ्याशी तावातावानं भांडायचे आणि जाताना दोन नवी कात्रणं ठेवून जायचे. तू सगळ्यांना द्यायचास. टाइपरायटरवर कार्बन लावून नकला काढायचास. मी बजावायचो, "अरे, वीस-वीस कात्रणं वाचून डोळे तुझे फुटतात, आणि नाव होणार दुसऱ्याचं." तू म्हणायचास, "वाचनालयवाल्यानं कपाटाला कुलूप लावून बसायचं असेल तर त्यानं पहारेकरी व्हावं." मात्र तुझी एक अट असायची. अर्धा कागद द्यायचा नाही. तो एक पुढारी आठवतो? सभेत सांगायला त्याला फक्त शत्रूचे किती मेले तेवढं पान हवं होतं. तू त्याच्या हातात अख्खा गठ्ठा ठेवलास. तो म्हणाला, "आपल्या बाजूचं कशाला देताय?" तू म्हणालास, "दोन्ही एकाच कार्डावर आहे साहेब, मधून कापता येत नाही." तो गठ्ठा टेबलावर ठेवून निघून गेला. मला वाटलं, आता याची नोकरी जाते. तू त्याच्या पेल्यातला उरलेला चहा मोरीत ओतलास आणि कामाला लागलास.

आणि मग पारूबाई आली.

एकाहत्तरची लढाई होऊन बरेच महिने झाले होते. पलीकडे पकडलेले आपले जवान परतही आले होते. आमच्या शॉपमधला सखाराम, चाकणकडचा, आपल्या बहिणीला घेऊन वर आला. तीसेक वर्षांची असेल. दारातच चपला काढल्या. तू खुर्ची पुढे केलीस तर ती खाली फरशीवर बसली, मग तूही खुर्ची सोडून खाली बसलास. मी टेबलाला टेकून उभा होतो, माझी पंचाईत झाली, म्हणून मीही बसलो.

ती म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडं लडाईचं समदं लिवल्यालं हाय म्हनं. आमच्या मानसाचं काय लिवलंय?"

तिचा नवरा पश्चिम सरहद्दीवर होता. घरी कळवलं होतं ते एवढंच, की बेपत्ता. कैदी परत आले त्यात तो नव्हता. तू तिला ठिकाण विचारलंस, सखारामनं सांगितलं. तू कप्पा ओढून कार्ड काढलंस. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "यात त्यो कुठं हाय?" तू बेपत्त्यांच्या रकान्यातल्या आकड्यावर बोट ठेवलंस. "नाव नाही वहिनी. पण ते या आकड्यात आहेत."

तिनं आपलं बोट तिथं ठेवलं. बराच वेळ तसंच. मग शेजारच्या रकान्याकडे बघून म्हणाली, "आन् ह्यो?"

"हा गेलेल्यांचा."

"त्यात न्हाई ना धरलाय त्याला?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या तसाच," ती म्हणाली. "आमच्याकडं लोक बोलत्यात. कागदावर तरी ऱ्हाऊ द्या."

तू "बरं" म्हणालास. तेवढंच. त्यानंतर वर्षाकाठी एकदा, चाकणच्या बाजारात कांदा घातला की, ती सखारामबरोबर तुला भेटून जायची. काही विचारायची नाही. तू कार्ड काढून दाखवायचास, ती बघायची आणि जायची. मला ते बघवत नसे. तू रकाना दाखवत होतास आणि ती आशा बघत होती असं मला वाटायचं, आणि हे मी तुला सांगितलंही होतं.

प्राध्यापक पहिल्यांदा आले ते चार-पाच वर्षांपूर्वी. माणूस भला. फियाट खाली लावून, जिना चढून, घाम पुसत आले आणि तीन दिवस कार्डं वाचत आणि वहीत उतरवून घेत बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, "भास्करराव, असा संग्रह मी कुठल्या विद्यापीठात पाहिला नाही." मला इतका आनंद झाला, की मी कॅन्टीनमधून भजी मागवली. ते म्हणाले, आपण हे छापू, तुमच्या नावानं छापू, जगभरचे अभ्यासक वापरतील. एकच गोष्ट. मृत आणि बेपत्ता हे रकाने एकत्र करावे लागतील. तक्त्यात जीवितहानीचा एकच आकडा लागतो, बाकीच्या देशांचं तसंच जमवलेलं आहे, तुलना करता आली पाहिजे. तू नाही म्हणालास. भजी तशीच राहिली.

त्या संध्याकाळी आपण पिंपरीपासून दापोडीपर्यंत हमरस्त्यानं चालत गेलो आणि सगळी वाट भांडलो. ट्रकच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं. मी म्हणालो, "एका बाईला शब्द दिलास म्हणून पंधरा-सोळा वर्षांचं काम मातीत घालणार?" तू म्हणालास, "तिला मी शब्द दिलेला नाही. कार्डावर जे आहे ते दाखवलंय." मी म्हणालो, "आमच्याकडेही संशयित माल असतो. पास नाही, रिजेक्ट नाही. तो आम्ही वेगळ्या रॅकवर ठेवतो. पण महिनाअखेरीला त्याचा निकाल लावतोच ना? जन्मभर कुणी ठेवत नाही." तू थांबलास आणि म्हणालास, "माल तुझ्यासमोर असतो वसंता. तू तो उचलून पुन्हा मोजू शकतोस."

हे बरोबर होतं. पण माझंही एक म्हणणं होतं, आणि ते मी अजून मागे घेतलेलं नाही. मी म्हणालो, "आणि तक्त्यात ही माणसं कुठेच आली नाहीत तर? अभ्यासक मृतांचा आकडा उचलणार आणि पुढे जाणार. बेपत्त्यांकडे कोण बघतो? मेलेल्यांत नाहीत, जिवंतांत नाहीत. लढाई स्वस्तात झाली असं दिसेल. ते लढाया करणाऱ्यांना हवंच असतं. तू त्यांची सोय करतोयस." दापोडीचं रेल्वेफाटक बंद होतं, गाडी जायची होती. गाडी गेली, फाटक उघडलं, आणि तू शालिनीवहिनींच्या गुडघेदुखीबद्दल बोलायला लागलास.

भास्कर, तुझ्याकडे उत्तर नव्हतं, की होतं आणि मला द्यायचं नव्हतं? नंतर कितीदा तरी मी विषय काढला. तू हसून चहाचा पेला पुढे करायचास. गेल्या पावसाळ्यात तू आजारी पडलास, मी भेटायला आलो की आपण क्रिकेटबद्दल बोलायचो. आजारी माणसाशी भांडू नये असं मला वाटायचं. आता वाटतं, भांडायला हवं होतं. तुला बरं वाटलं असतं.

परवा प्राध्यापक माझ्या घरी आले ते तू गेल्याचं ऐकून. आधी तुझ्याबद्दल बोलले. मग म्हणाले, पुस्तक छापायला निघालंय. अजून वेळ आहे. भास्कररावांचं नाव राहील. तुम्ही रकाने एकत्र करायला होकार द्या, बाकी सगळं आम्ही करू. "ज्या बाईंसाठी ते अडून बसले, त्यांनाच विचारा हवं तर," असंही म्हणाले.

मला आधी हा सल्ला पटला. खरं सांगतो, मला हवाच होता. तुझं नाव छापून आलेलं मला बघायचं होतं. शालिनीवहिनींना ते पुस्तक नेऊन द्यायचं होतं. म्हणून रविवारी सखारामला घेऊन मी चाकणची एसटी पकडली आणि तिथून पुढे त्यांच्या वाडीपर्यंत चालत गेलो. वाटेत मी काम सांगितलं, तर सखाराम एवढंच म्हणाला, "तिलाच इचारा."

पारूबाई वखारीपुढे कांदे निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं. कपाळ मोकळं होतं.

तिनंच सांगितलं. तू गेल्याचं सखारामकडून तिला कळलं होतं. आधी तुझ्याबद्दल बोलली, "भास्करभाऊ लई सादे मानूस. कवा न्हाई म्हनले न्हाईत." मग म्हणाली, "मामंजींनी हातरून धरलं व्हतं. म्हनले, माज्या पोराचं माज्या हातानं हुं दे. मी गेल्यावर कोन करनार? मग त्यांला नदीवर नेऊन केलं. पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्यालाच अग्नी दिला. दुसऱ्या म्हैन्यात मामंजी गेले." हातातला कांदा तिनं खाली ठेवला. "भाऊंला सांगायला यायचं व्हतं. त्ये आजारी हायेत म्हनले, म्हून ऱ्हाऊन गेलं."

मी विचारलं, "मग वहिनी, कार्डावर आता काय करू?"

"त्यांला तिकडं धरा आता. शेजारच्या घरात."

"सगळ्यांनाच तिकडं धरा म्हणतायत पुण्याचे साहेब. त्या आकड्यातल्या सगळ्यांना."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते बोलणं नीट कळलं नसावं, किंवा कळलं आणि राग आला असावा. "सगळ्यांचं मला काय इचारता?" ती म्हणाली. "मला आमच्या घरचं ठावं. आमच्यापुरतं मी सांगितलं."

आणि पुन्हा कांदे निवडायला लागली. सखारामनं पाणी आणून दिलं, ते प्यालो आणि निघालो.

परत येताना एसटीत मी सारखा तिच्यावर चिडत होतो. मग तुझ्यावर चिडलो. चिंचवडला उतरलो तेव्हा कुणावर चिडावं ते कळेना. इतकी वर्षं मला वाटत होतं, की तू एका बाईखातर अडून बसलास. ती आपल्या वाचनालयात आली म्हणून आपल्याला दिसली. त्या आकड्यातली बाकीची घरं कधी जिना चढून आली नाहीत, पण आकडा त्यांचाही होता.

घरी येऊन मी ते कार्ड काढलं. तुझ्या कायद्याप्रमाणे केलं. बेपत्त्यांच्या आकड्यावर एक रेघ मारली, शेजारी एकानं कमी असलेला आकडा लिहिला. मृतांच्या आकड्यावर रेघ मारली, एकानं जास्त असलेला लिहिला. 'कोण म्हणतं' या रकान्यात लिहिलं, 'पत्नीने समक्ष सांगितले. वडिलांच्या हातून पालाशविधी झाला.' माझं अक्षर तुझ्याइतकं चांगलं नाही. शाई थोडी पसरली आहे.

प्राध्यापकांना फोन केला. म्हटलं, संग्रह खुशाल न्या, पैसा नको, हवी तितक्यांना नक्कल द्या, पण रकाने आहेत तसे वेगळे राहतील आणि दोन्ही छापावे लागतील. माझं म्हणणंही त्यात घातलं, की बेपत्त्यांचा रकाना मृतांच्या अगदी शेजारी छापा, त्याच टायपात, म्हणजे कुणाला तो न बघता पुढे जाता येणार नाही. ते म्हणाले, "तसा तक्ता आमच्या मंडळींना चालणार नाही, वसंतराव." मग मी त्यांना पारूबाईच्या नवऱ्याचा बदल सांगितला, की निदान तेवढा तुम्ही उतरवून नेलंय त्यात करून घ्या. ते चांगल्या स्वभावाचे आहेत, हसले नाहीत. पण म्हणाले, "एकानं काय फरक पडतो?"

तेव्हा तुझं नाव काही छापून यायचं नाही, भास्कर. शालिनीवहिनींना मी अजून सांगितलेलं नाही, सांगेन. तू जिंकलास असंही मी म्हणणार नाही. ही माणसं कुणाच्याच मोजदादीत येत नाहीत हे माझं म्हणणं अजून उभं आहे, आणि त्याला उत्तर द्यायला तू नाहीस, याचा मला संताप येतो, रडूही येतं. पण रकाने एकत्र करायला माझा हात उठला नाही. एका माणसाला मी इकडून तिकडे नेलं, ते त्याच्या घरच्यांनी सांगितलं म्हणून. बाकीचे कुठल्या गावचे, त्यांच्या नदीवर काही झालं की नाही, हे कार्डावर नाही. त्यांच्या घरी विचारायला अजून कुणी गेलेलं नाही.